अंडी सापडण्याआधी मोजून ठेवा
धार जिल्ह्यात बाग गावाच्या बाजूला नाले तुडवत डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म शोधायला निघालेल्या मंडळींनो, इंदूरहून गाडी काढण्याआधी संशोधनाची पूर्वनोंदणी करा. ती आता 'सर्व प्रकारच्या संशोधनाला' सक्तीची आहे, असं परवाच आमच्या अनुदान समितीनं कळवलंय. काय सापडणार, किती सापडणार, त्यावर कोणती संख्याशास्त्रीय चाचणी लावणार, हे सगळं घरबसल्या लिहायचं आणि मग बूट घालायचे.

गृहीतक एका वाक्यात लिहा. 'जाऊन बघतो' चालत नाही, मी लिहून पाहिलंय.

सहभागींची लेखी संमती घ्या. हा रकाना अनिवार्य आहे, अंडी साडेसहा कोटी वर्षांहून जुनी असली तरी.

नमुना संख्या मात्र जपून भरा. तिथे लाल तारका आहे. शून्य टाकलं की पोर्टल नाही म्हणतं, आणि 'माहीत नाही' लिहिलं की 'कृपया अंक भरा'. रात्री साडेअकराला, सराफ्यातून आणलेला भुट्ट्याचा कीस पार गार झाल्यावर, मी 12 टाकले. हिनं मागून विचारलं, "अहो, 12 च का?" म्हटलं, अंडी डझनानं मिळतात. तेवढ्यात पोर्टलनंही तेच विचारलं, 'समर्थन द्या, किमान 100 शब्द'. दिले हो, तेही दिले! याच जिल्ह्यातल्या 92 घरट्यांमधल्या 256 डायनोसॉर अंड्यांचा शोधनिबंध जानेवारी 2023 मध्ये आला. तो 256 चा आकडा आधी कोणत्या रकान्यात भरला होता? 1982 मध्ये नर्मदाकाठी हथनोऱ्याला भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना आदिमानवाची कवटी मिळाली. त्यांनी काय 'अपेक्षित कवट्या: एक' असं लिहून दिलं होतं? धारमधल्याच पाडल्या गावात लोक हीच गोल दगडी अंडी काकड भैरव म्हणून पुजत आले. शेताची आणि गुराढोरांची राखण करतो म्हणे. त्यांचं गृहीतक तरी स्पष्ट होतं!

अंडी शोधताना शार्कचा दात सापडला तर उचलू नका. 'नियोजनातून विचलन' हा फॉर्म वेगळा आहे.

शेवटच्या तारखेची वाट पाहू नका. सर्व्हर आदल्या दिवशीही बंदच असतो.

आणि एक घरगुती उपाय. आधी गुपचूप जाऊन काय मिळतंय ते बघून या, मग घरी बसून बिनचूक भाकीत करा. समिती खूश, तुम्ही खूश.

पण अहो, नेमकी हीच लबाडी थांबवायला पूर्वनोंदणी आली होती ना? औषधाच्या चाचणीत निकाल हाती आल्यावर निकष बदलायची खोड होती, ती मोडायला. अमेरिकेत हृदयरोगावरच्या मोठ्या सरकारी चाचण्या बघा. 2000 पूर्वी 30 पैकी 17 मध्ये उपचार गुणकारी निघाला होता, आधी नोंद करायची पद्धत आल्यावर 25 पैकी 2 मध्ये. आपल्याकडे औषधचाचण्यांना नोंदणी 15 जून 2009 पासून सक्तीची आहे आणि ती हवीच. तिथे ढिलाई केलीत तर मीच आधी ओरडेन. पण ज्याला अजून प्रश्नच सापडायचाय, त्याच्याकडे उत्तराचा आकडा मागता, त्याला खोटं लिहायला लावता आणि वर त्याला पारदर्शकता म्हणता? यादीत 'निव्वळ शोधमोहीम' असा एक पर्याय घालायला किती वेळ लागतो? औषधचाचणीचा फॉर्म जसाच्या तसा उचललात, वाचलासुद्धा नाहीत. थोडी लाज वाटू द्या. आणि तो संमतीचा रकाना तरी आज काढा.