‘सिंक चालू आहे, मग बॅकअप कशाला?’ या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला आणि तिसऱ्या वेळी खाली कोणीतरी ‘एकदम बरोबर’ असंही लिहिलं होतं. म्हणणं थोडक्यात असं: घरच्या कॉम्प्युटरला बॅकअप सॉफ्टवेअर लागतच नाही. क्लाउडवर सिंक चालू असलं, म्हणजे फाइली इंटरनेटवरच्या जागेत आपोआप जात असल्या, की तोच बॅकअप. तेवढ्याने ज्यांचं समाधान होत नाही त्यांनी महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी-पेस्ट करावं. हल्लीच्या एसएसडी (चिपवर साठवणाऱ्या नव्या डिस्क) काही बिघडत नाहीत. विंडोजमध्ये बॅकअप असतोच. आणि सॉफ्टवेअर हवंच असेल तर कुठलंही फुकटचं घ्या, सगळी सारखीच.

यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणूनच ते पटतं. पण यावर विसंबून राहिलेल्या माणसाचं काय होतं ते मी घरातच पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सिंक म्हणजेच बॅकअप.’ सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं.

माझी मावशी चार वर्षं गणिताचं एक पुस्तक लिहीत होती. सगळं एका वर्ड फाइलमध्ये, २१४ पानं. फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. एकदा कोणालातरी सहावं प्रकरण तेवढं वाचायला पाठवायचं म्हणून तिने बाकीची प्रकरणं काढून टाकली. ‘सेव्ह ॲज’ करून वेगळं नाव द्यायचं, ते राहिलं. नुसतं ‘सेव्ह’ झालं. मग अभिप्रायाची वाट बघण्यात सात आठवडे गेले आणि फाइल तिने उघडलीच नाही. उघडली तेव्हा मला फोन आला.

“लॅपटॉपवर बघितलंस का मावशी?”

“अरे, लॅपटॉपवर अकरा पानं, फोनवर अकरा पानं, ब्राउझरमध्येही अकराच. सगळीकडे अगदी सारखं आहे.”

सगळीकडे अगदी सारखं. सिंकने त्याचं काम चोख केलं होतं. एका ठिकाणी झालेला बदल सगळीकडे पोचवायचा, यासाठीच ते असतं. तो बदल हवा होता की नको, हे त्याला कळत नाही. जुन्या आवृत्त्या त्या सेवेत ठरावीक दिवसच राहत होत्या आणि ते दिवस उलटून गेले होते. आठ महिन्यांपूर्वी तिने एका सहकाऱ्याला मेलवर पाठवलेली प्रत सापडली. त्यापुढचं सगळं तिने पुन्हा लिहिलं.

फाइल डिलीट झाली तरी हीच गत. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. घरगुती वापराच्या वनड्राइव्हमध्येही रीसायकल बिनची मुदत ३० दिवसांचीच. घरच्या माणसाला आपली फाइल हरवल्याचं ३० दिवसांत कळतंच असं नाही. मागच्या वर्षीचे फोटो आपण रोज कुठे उघडून बघतो? रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलीही नवा बदल म्हणून इमानेइतबारे वर चढतात. काही सेवांच्या सशुल्क योजनांत सगळं मागच्या तारखेवर नेण्याची सोय असते आणि ती चांगली आहे, पण तिलाही मुदत असते. शिवाय सिंक करणारं ॲप स्वतःच चुकू शकतं. २०२३ च्या नोव्हेंबरात गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमधल्या दोषामुळे काही जणांच्या फाइली दिसेनाशा झाल्या आणि त्या परत मिळवण्याची सोय घालून गूगलला ॲपची नवी आवृत्ती काढावी लागली.

म्हणून माझी व्याख्या साधी आहे. कालच्या, गेल्या महिन्याच्या, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेला परत जाता येत असेल तर तो बॅकअप. आजचीच फाइल आणखी एका जागी ठेवली, तर ती फक्त दुसरी प्रत.

‘महिन्यातून एकदा कॉपी-पेस्ट पुरे.’ काहीच न करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, हे मान्य. पण कॉपी करताना पडद्यावर काय येतं ते आठवा. ‘या नावाच्या फाइली आधीच आहेत, बदलायच्या का?’ आपण सगळ्यांना ‘हो’ म्हणतो, कारण चार हजार फाइली एकेक करून कोण तपासणार? त्या एका क्लिकमध्ये डिस्कवरची २१४ पानांची चांगली फाइल जाते आणि तिच्या जागी अकरा पानांची येते. मावशीने कॉपी-पेस्ट केलं असतं तरी दुसऱ्या महिन्यात हेच झालं असतं.

दुसरं, उघड्या फाइली. आउटलुक हा मेलचा प्रोग्रॅम चालू असताना त्याची पीएसटी फाइल, म्हणजे मेल साठवलेली फाइल, एक्सप्लोररमधून कॉपी करून बघा. ती वापरात आहे असं सांगून विंडोज नकार देतं. घाईत आपण ‘स्किप’ दाबतो आणि वर्षानुवर्षांची मेल बाहेर राहते. विंडोजवरची चांगली बॅकअप सॉफ्टवेअर यासाठी शॅडो कॉपीची सोय वापरतात: त्या क्षणाचं डिस्कचं चित्र गोठवायचं आणि त्यातून वाचायचं. हाताने केलेल्या कॉपीला ते जमत नाही. डिस्क जुन्या एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल तिच्यावर जातच नाही, म्हणजे नेमके मोठे व्हिडिओ राहतात.

तिसरं कारण माणसाचं आहे. पहिल्या महिन्यात आपण करतो, दुसऱ्यात करतो, मग पाहुणे येतात, आजारपण येतं, आणि डिस्क कपाटात पडून राहते. मी दोष देत नाही, माझंही असंच व्हायचं. सॉफ्टवेअर हवं ते मुख्यतः याचसाठी, की ते आपल्या आठवणीवर अवलंबून राहत नाही.

‘एसएसडी बिघडत नाहीत.’ बिघडतात. फिरणारे भाग नाहीत, म्हणून आपटल्याचा त्रास कमी, एवढं खरं. जुनी हार्ड डिस्क पुष्कळदा आधी खरखर करते, मंदावते, इशारा देते. एसएसडी अनेकदा काही न सांगता एका सकाळी दिसेनाशीच होते. त्यात डिलीट झालेली फाइल परत काढणंही हार्ड डिस्कपेक्षा अवघड, कारण ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा लवकरच कायमची पुसायला लावते. मशीन बंद पडलं की एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावू, असंही काही जण म्हणतात. हल्लीच्या पुष्कळ विंडोज मशीनवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, असते आणि ४८ अंकी रिकव्हरी की जवळ नसेल तर ती दुसरीकडे उघडत नाही. ती की आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. आणि डिस्क अजिबात बिघडली नाही तरी चोरी, सांडलेलं पाणी आणि चुकीचं बटण या गोष्टी आहेतच.

‘विंडोजमध्ये बॅकअप असतोच.’ हे अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचा उपयोग करून घ्यायला हवा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फाइल हिस्टरी’ आहे. बाहेरची डिस्क जोडून चालू केली तर ती ठरावीक वेळाने फाइलींच्या आवृत्त्या साठवते आणि जुन्या तारखेची फाइल परत देते. मावशीची फाइल तिने नक्की वाचवली असती. पण ती आपोआप चालू नसते, विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन शोधावी लागते, आणि ठरावीक फोल्डरांच्या बाहेर बघत नाही. तुमचं काम डी ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये असेल तर तो मुद्दाम जोडावा लागतो.

गोंधळ होतो तो नावांमुळे. विंडोज ११ मधलं ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर वनड्राइव्हवर सिंक करतं, म्हणजे वरचा पहिला मुद्दा पुन्हा आला, आणि फुकटात जागा मिळते ती ५ जीबी. ‘सिस्टिम रिस्टोअर’ तर तुमच्या कागदपत्रांना आणि फोटोंना हातच लावत नाही. ते सिस्टिम फाइली आणि सेटिंग्जसाठी आहे. लिनक्सवरचं तसंच टाइमशिफ्ट हे सॉफ्टवेअरही मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइलींची जागा, वगळतं. मॅकवाले नशीबवान. २००७ पासून त्यांच्याकडे टाइम मशीन आहे: गेल्या २४ तासांच्या ताशी, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती, डिस्क भरेपर्यंत. पण बाहेरची डिस्क जोडलीच नाही तर तेही काही करू शकत नाही.

विंडोजवर सगळा भार टाकणाऱ्यांना एक आठवण करून देतो. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चं अपडेट घेतल्यावर काही लोकांच्या फाइली उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावं लागलं.

‘कुठलंही फुकटचं घ्या, सगळी सारखीच.’ फुकट म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. वीम एजंटची फुकट आवृत्ती, रेस्टिक, डुप्लिकाती ही कामाची सॉफ्टवेअर आहेत. पण ती सारखी मुळीच नाहीत. दोन फोल्डर जुळवून ठेवणाऱ्या फ्रीफाइलसिंकच्या ‘मिरर’ पद्धतीत मूळ फोल्डरमधून जे गेलं ते बॅकअपच्या फोल्डरमधूनही जातं. जुन्या आवृत्त्या राखायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. डुप्लिकाती आणि रेस्टिक फाइलींचे तुकडे करून स्वतःच्या रचनेत ठेवतात, म्हणजे जागा वाचते, पण परत काढायला तेच सॉफ्टवेअर हवं. रेस्टिकचा पासवर्ड विसरलात तर डेटा गेला, तो परत मिळवण्याची कोणतीही वाट नाही. वीमसारखी सॉफ्टवेअर अख्ख्या डिस्कची प्रतिमा घेतात, त्यामुळे डिस्क मेली तरी विंडोज आणि प्रोग्रॅमसकट सगळं नव्या डिस्कवर बसवता येतं. मात्र त्यासाठी मशीन सुरू करणारा पेनड्राइव्ह आधीच करून ठेवावा लागतो.

आणि सॉफ्टवेअर बंदही होतात. क्रॅशप्लॅन या क्लाउड बॅकअपच्या सेवेने घरगुती ग्राहकांची सेवा बंद करत असल्याचं २०१७ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. डिस्कची प्रतिमा घेणाऱ्या मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षं लोक एकमेकांना सुचवत होते, तीही कंपनीने बंद केली. म्हणून निवडताना मी सगळ्यात आधी विचारतो: हे उद्या बंद पडलं तर माझ्या फाइली मला कशा मिळतील? मग, जुन्या आवृत्त्या किती काळ राहतात? आणि बॅकअप फसला तर ते मला दिसेल असं ओरडून सांगतं का?

हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नाही. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, आणि एकही धड चालत नव्हती किंवा मुळात नीट बसवलेलीच नव्हती. बॅकअप फसल्याचे ई-मेल निघत होते, पण ते नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ताच नव्हता. सुदैवाने सहा तासांपूर्वी कोणीतरी वेगळ्या कामासाठी घेतलेली प्रत हाताशी होती. जिथे याच कामाची जाणकार माणसं आहेत तिथे हे घडतं, मग घरी न तपासलेल्या बॅकअपवर किती भरवसा ठेवणार?

घरासाठी माझा सल्ला विचाराल तर: मॅक असेल तर टाइम मशीन, विंडोज असेल तर फाइल हिस्टरी आणि जोडीला दोन-तीन महिन्यांतून एकदा अख्ख्या डिस्कची प्रतिमा. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ नियम धरा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ती घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड खुशाल वापरा, तिथे तो उत्तम आहे. आणि एक डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडून ठेवलेल्या डिस्कवर रॅन्समवेअर सहज पोचतं.

मावशीकडे आता दोन डिस्क आहेत, आलटून पालटून जोडते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती तीन महिन्यांपूर्वीच्या तारखेची एखादी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करते, उघडते, शेवटच्या पानापर्यंत जाते आणि पानांचा आकडा वहीत लिहून ठेवते. पाच मिनिटं लागतात. गेल्या वेळी तिला दिसलं की एका डिस्कवरचा बॅकअप तीन आठवडे झालाच नव्हता, केबल सैल होती. तिने केबल बदलली आणि त्याच दुपारी बॅकअप पुन्हा घेतला.