एक दिवसाचा खंड

आमच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्रातला एक सर्व्हर सलग १,१४७ दिवस चालू होता. तिथे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे सर्व्हर सांभाळायचं (ॲडमिनचं) काम मी करते, तेव्हा नवी होते. 'अपटाइम' (मशीन किती वेळ चालू आहे ते सांगणारी कमांड) टाइप केल्यावर दिसलेल्या त्या आकड्याचा फोटो काढून मी इथेच टाकला होता आणि तुम्ही त्यावर भरभरून बदाम दिले होते. आज फेसबुकने ती पोस्ट आठवण म्हणून वर काढली आणि मला लाजच वाटली. तीन वर्षं मशीन रीबूट केलं नव्हतं, म्हणजे तीन वर्षं ते जुन्याच कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर) चालत होतं. सुरक्षेचे पॅच येत होते आणि डिस्कवर नुसते पडून राहत होते.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, यूपीएसच्या बॅटऱ्यांनी मान टाकली आणि तो सर्व्हर काही केल्या उठेना. कुणीतरी कधीतरी काढून नेलेल्या डिस्कची एक ओळ एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) तशीच राहिली होती. गडी बूट होता होता त्या डिस्कची वाट बघत बसला होता. ती ओळ काढली, मशीन उठलं, पण ग्रंथालयाचा कॅटलॉग बंदच. तो सुरू करायची कमांड माझ्या आधीच्या सरांनी कधीकाळी हाताने दिली होती आणि कुठेही लिहून ठेवली नव्हती. सर निवृत्त होऊन गावी शेती करत होते. फोन केला तर म्हणाले, "अगं, माझ्या होम डिरेक्टरीत एक स्क्रिप्ट असेल बघ." कमांड लिहून ठेवलेली ती फाइल ज्यात होती, ती होम डिरेक्टरी (सरांचं सर्व्हरवरचं फोल्डर) मीच, जागा कमी पडते म्हणून, आठवड्यापूर्वी उडवली होती! बॅकअपवर सापडली म्हणून वाचले.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाने विचारलं, "ताई, विद्यापीठात लिनक्स ॲडमिनची जागा निघाली आहे, घेऊ का?" त्याला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, इथेच टाकावं.

कामाबद्दल माझी तक्रार नाही. हिंजवडीतल्या मैत्रिणींना एकाच प्रकारचे हजार सर्व्हर सांभाळावे लागतात, माझ्याकडे मोजून चाळीस आहेत, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सकाळी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी येते, तिचा जॉब स्लर्मच्या (क्लस्टरवरची कामं ओळीने लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रांगेत चार दिवस अडकलेला असतो. दुपारी इतिहासवाले मोडी कागदपत्रांच्या स्कॅनच्या हार्डडिस्का पिशवीतून घेऊन येतात. मग कुणीतरी हौशी संशोधक क्लस्टरच्या लॉगिन नोडवरच (सगळे जिथून आत येतात त्या मशीनवर) सगळे कोअर जुंपतो आणि बाकीच्यांना फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस'सुद्धा करता येत नाही. त्याला ओरडायचं, मग समजावायचं, मग स्क्रिप्ट लिहून द्यायची. शिवाय 'मॅडम, प्रिंटर चालत नाही' हे रोजचंच. (चालत नसलेला प्रिंटर बहुतेक वेळा चालू केलेला नसतो.)

लिनक्सचं आणि विद्यापीठाचं नातं तसं रक्ताचं. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय असं जाहीर केलं, तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता आणि हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंही त्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं. नोव्हेंबर २०१७ च्या यादीत जगातले पहिले ५०० महासंगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर होते. एका विद्यापीठातल्या पोराने उभं केलेलं हे सगळं, आणि आमच्या विद्यापीठाच्या आकृतिबंधात (मंजूर पदांच्या यादीत) ते सांभाळणाऱ्या माणसाचं पदच नाही.

मशीनला पैसे मिळतात हो. प्रकल्प मंजूर झाला की उपकरणं अनावर्ती, म्हणजे एकदाच होणाऱ्या, खर्चात बसतात, जेमवरून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून) खरेदी होते, पेढे वाटले जातात, फीत कापली जाते, फोटो वार्षिक अहवालात छापून येतो. माणूस मात्र आवर्ती खर्च. तो कुठल्याच रकान्यात धड बसत नाही. म्हणून मला सहा महिन्यांच्या नेमणुकीचा आदेश, मग नोकरीत एक दिवसाचा तांत्रिक खंड, मग पुन्हा सहा महिने. अशी चौदा वर्षं झाली. खंडाच्या दिवशी मी विद्यापीठाची कुणीही नसते. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मात्र माझ्याकडेच असतो.

मागच्या खंडाच्या दिवशी सकाळी सव्वादहाला परीक्षा विभागातून फोन आला.

"मॅडम, निकालाची साइट उघडत नाहीये."

"साहेब, आज माझा खंड आहे. मी नोकरीत नाही."

पलीकडे जरा शांतता. मग, "हो, ते बरोबर आहे. पण उघडत नाहीये."

कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे लॉगिन केलं. 'व्हार' (लॉग वगैरे जिथे साठतात ती डिस्कवरची जागा) शंभर टक्के भरलं होतं. वेब सर्व्हरचा लॉग (नोंदींची फाइल) फुगून पार पार्टिशनभर झाला होता. आधी कुणीतरी तो पुसूनही पाहिला होता, पण जागा काही मोकळी झाली नव्हती. होणार कशी? फाइल नुसती पुसली तरी जो प्रोग्रॅम ती उघडून बसलाय तो सोडेपर्यंत डिस्क जागा परत देत नाही. वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, साइट उघडली, कुकर बंद केला. आता लॉगमध्ये त्या तारखेला नोकरीत नसलेल्या एका बाईने रूट म्हणून प्रवेश केल्याची नोंद कायमची आहे. लेखापरीक्षणवाल्यांनी कधी पाहिलीच, तर खुलासा कुणी द्यायचा हे मला खरंच माहीत नाही.

कुणी म्हणेल, बाहेरच्या कंपनीला कंत्राट द्या, प्रश्न मिटला. पण डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली, १४ संशोधन गट, त्यातल्या ४ गटांचा डेटा परत आणता येण्यासारखा नव्हता. कारण वाचून मला घाम फुटला होता, इतकं ते साधं होतं. दहा दिवसांहून जुने लॉग पुसणारी एक बॅकअपची स्क्रिप्ट चालू होती आणि ती चालू असतानाच महासंगणक पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसांनी तिच्या जागी सुधारलेली आवृत्ती ठेवली. बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) सगळी स्क्रिप्ट आधी वाचून घेत नाही, वाचत वाचत पुढे जातो. पूजा चालू असताना गुरुजींच्या हातातली पोथी बदलावी, आणि त्यांनी नव्या पोथीचं तेच पान पुढे वाचत राहावं, तसं झालं. लॉग कुठल्या डिरेक्टरीत आहेत हे ज्या व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टमधल्या नाव दिलेल्या रकान्यात) असायला हवं होतं ते रिकामं राहिलं आणि पुसण्याची कमांड भलतीकडेच चालली. नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवून मग 'एमव्ही' कमांडने जुनीच्या नावावर आणली असती, तर चालू स्क्रिप्ट जुनीच प्रत धरून राहिली असती.

त्या कंपनीने चूक शंभर टक्के आपली असल्याचं लेखी मान्य केलं, विद्यापीठाने ते जाहीरही केलं. तो मोठेपणा आहेच. पण मोठी कंपनी, पक्कं कंत्राट, प्रगत देश, एवढं असूनही हे झालं, तर सगळ्यात कमी दराच्या निविदेतून आलेला, दर चार महिन्यांनी बदलणारा मुलगा आमच्या बॅकअपचं काय करेल? कुठली स्क्रिप्ट कुठल्या सरांनी कुठे ठेवली होती, हे त्याला कोण सांगणार? माझ्यापुरतं बोलायचं तर तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट वजा यू' असतं, म्हणजे व्हेरिएबल ठरवलेलंच नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि सगळं विकीवर लिहिते, अगदी बाळबोध भाषेत. मी नसले तरी कुणाला तरी कळावं.

तर त्या मुलाला माझं म्हणणं: काम शिकायचं असेल तर जरूर ये, तीन वर्षांत जे हाताखालून जाईल ते दुसरीकडे दहा वर्षांत जाणार नाही. पण आधी आदेश नीट वाच. पद मंजूर आहे का, असेल तर बिंदूनामावलीत (आरक्षणानुसार पदांच्या नोंदवहीत) आहे का, वेतन कुठल्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) निघणार, हे मुलाखतीतच विचार. माझ्यासारखी लाजू नकोस.

येत्या सोमवारी माझा खंड आहे. कर्नल अपडेट आणि रीबूट मंगळवारी ठेवलंय. मशीन उठलं नाही, तर निदान मी नोकरीत तरी असेन.