नाही भाऊ, पीडीएफ म्हणजे डिजिटल साहित्य नव्हे

आपल्या नागपूरच्या वाचकांच्या ग्रुपवर दोन दिवसांत चौथ्यांदा तोच फॉरवर्ड आला की डिजिटल साहित्य म्हणजे पुस्तकाची पीडीएफ, मोबाईल आल्यावरचं फॅड, लिहितं मशीनच, टिकत तर नाहीच, अन् लाईट गेली की सगळं गेलं. राहवत नाहीये म्हणून लिहितो.

पीडीएफची प्रिंट काढली तर काहीच हरवत नाही, पुस्तकच हातात येतं. अमेरिकन लेखक मायकेल जॉइसची, संगणकावरच वाचायची 'आफ्टरनून' छापून दाखवा बरं. १९८७ ची कथा आहे, १९९० मध्ये फ्लॉपीवर विकायला आली. एका माणसाला धास्ती आहे की सकाळी जो अपघात दिसला त्यात आपलाच मुलगा तर नव्हता ना. शब्दावर क्लिक केलं की पुढचं पान येतं, पण काही पानं आधी ठरावीक पानं वाचल्याशिवाय उघडतच नाहीत, म्हणजे तो माणूस जे टाळतोय त्याच्यापर्यंत आपणही लवकर पोचत नाही. कागदावर हे कसं करणार? असं जे संगणकाशिवाय वाचताच येत नाही, ते डिजिटल साहित्य.

फॅड म्हणाल तर क्रिस्टोफर स्ट्रेची या ब्रिटिश संगणकतज्ज्ञाचा प्रेमपत्रं जुळवणारा प्रोग्राम १९५२ चा आहे, मँचेस्टरच्या संगणकावरचा. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं!

मशीन लिहितं हे तर मला फारच लागलं. मी स्वतः उन्हाळ्यावर स्ट्रेचीसारखाच ओळी जुळवणारा एक छोटा प्रोग्राम करून पाहिला, शब्दांच्या याद्या दिल्या, तर पहिलीच ओळ आली 'तापलेला सावली'. इंग्रजीत विशेषण आहे तसंच चालतं, मराठीत तापलेलं ऊन, तापलेली सावली, तापलेला वारा. प्रत्येक शब्दाचं लिंग मलाच लिहावं लागलं, अन् कोणता शब्द यादीत ठेवायचा, कोणता काढायचा यात माझे तीन रविवार गेले. हे लिहिणंच आहे ना?

टिकण्याचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. अॅडोब कंपनीने २०२० संपताना फ्लॅश हे ब्राउझरमध्ये हलती चित्रं-शब्द दाखवणारं सॉफ्टवेअर बंद केलं अन् त्यातल्या कितीतरी कविता ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या, वाईट वाटतं. पण लोकांनी रफल नावाचा इम्युलेटर, म्हणजे जुन्या फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम, बनवून बरंच काही परत चालू केलं.

अन् लाईटचं म्हणाल तर ट्वाइन हे क्लिक करत वाचायच्या गोष्टी बनवायचं फुकटचं साधन २००९ पासून आहे, देवनागरी चालते, अख्खी गोष्ट एका एचटीएमएल फाईलीत मावते, लाईट-नेट नसलं तरी मोबाईलवर उघडते. माझी उन्हाळ्याचीही तशीच एक फाईल आहे, ज्याला पाहायची त्याने सांगा, आजच पाठवतो.