इथेनॉल, मेहुणा आणि बॉनेटखालचा वास

"सकाळी स्टार्ट केली की पेट्रोलचा भपकारा, चौक ओलांडेस्तोवर गायब." बंड्यानं चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला.

"इथेनॉल!" नाना गरजले. नानांना गुडघेदुखीपासून तूरडाळीच्या भावापर्यंत सगळ्याचं मूळ पेट्रोलमध्ये मिसळलेल्या त्या वीस टक्के इथेनॉलात सापडतं. "मी पहिल्या दिवसापासून ओरडतोय. ऐकतंय कोण?"

"ऐकतोय की. रोज." मिस्त्री म्हणाला. "इथेनॉल जुन्या रबराला बाधतं हे खरं. नळी फुगते, कडक होते, तडकते. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांना त्याला चालेल असं मटेरियल आहे, बंड्याची पडली 2011 ची. पण आधी पंचनामा, मग आरोपी. तुम्ही थेट फाशी द्यायला निघालात."

"गाडी मेहुण्याची ना ती?" पप्यानं मीठ चोळलं. "एकहाती वापरलेली?"

"गाडीचं बोला," बंड्या म्हणाला. मेहुण्यानं ती कितीला गळ्यात मारली हे कट्ट्याला पाठ आहे. शिवाय वर बंड्यानं बाहेरून सीएनजी बसवून घेतला.

मिस्त्री त्यावरच आला. "तू चालवतोस सीएनजीवर. पेट्रोल फक्त स्टार्टिंगपुरतं. मग इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर दिवसभर गरम इंजिनावर नुसते भाजत बसतात, आतून पेट्रोल वाहत नाही. त्यांच्या ओ-रिंगा, म्हणजे जोडातल्या रबरी कड्या, कडक होतात. थंडीत आक्रसल्या की पाझर. इंजिन तापलं की फुगून बसतात, पाझर बंद. म्हणून तुझा वास चौकापर्यंत."

"पण मुळात पेट्रोलच शुद्ध असतं तर..."

"नाना, तुम्ही टाकी भरताना नोझल कट झाल्यावर राउंड फिगर करता ना? वरच्या त्या पंचवीस-तीस रुपयांचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीची वाफ धरणाऱ्या डब्यात जातं. त्यातला कोळसा वाफ शोषायला असतो, पोहायला नाही. टाकी फुल केल्यावरच तुमच्या गाडीला वास येतो, तो इथेनॉलचा नाही, राउंड फिगरचा." नानांनी चहात तोंड घातलं.

मिस्त्रीचा हिशेब असा, की वास कधी येतो त्यावर निम्मं निदान होतं. थंड इंजिनावर येऊन नंतर जात असेल तर ओ-रिंग किंवा सैल जोड. टाकी भरल्यावर येत असेल तर कॅनिस्टर, त्यातली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह, नाहीतर झाकणाचं रबर. गाडी उभी असताना सतत येत असेल तर कुठंतरी ओलं आहे, ती गाडी चालवायचीच नाही. आणि ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर इंजेक्टर आत गळतोय. तिथं बाहेरून नळ्या चाचपण्यात अर्थ नाही, आणि पातळ झालेलं ऑइलही बदलावं लागतं.

"मग बघूया." पप्या उठला, तोंडात सिगारेट, हातात लायटर.

"विझव!" तिन्ही तोंडांतून एकदम. "पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड," मिस्त्री म्हणाला. "वर जात नाही, खाली पायाशी साचते. तू लांब उभा आहेस असं तुला वाटतं, तिला नाही."

पप्याला नाक्यापलीकडे पिटाळलं. रात्रभर उभी गाडी, इंजिन गार, म्हणजे मोका बरोबर. मिस्त्रीनं चारही इंजेक्टरच्या वरच्या तोंडाशी पांढऱ्या टिश्यूची एकेक पट्टी गुंडाळली. "बंड्या, चावी फक्त ऑन. सेल्फ मारायचा नाही." मागून पंप दोन-तीन सेकंद घुंईऽऽ झाला, थांबला. "ऑफ. परत ऑन. असं चार वेळा. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, तीनेक बार दाब येतो, म्हणजे चाळीस पीएसआयच्या वर. तुझ्या टायरात तीसएक असतो. तेवढ्यात जे पाझरायचं ते पाझरतं."

तिसऱ्या इंजेक्टरची पट्टी ओली. भोवती धूळ धुऊन गेल्यासारखा स्वच्छ डाग. पेट्रोल उडून जातं, पण जाताना तेवढी जागा साफ करून जातं. टॉर्च तिरपा धरला की दिसतो.

"दे एम-सील लावून," बंड्या.

"नंतर स्वतःच्या कपाळालाही लाव." मिस्त्री तापला. "दाबाखालच्या पेट्रोलला लेप टिकत नाही. पंपाचा फ्यूज काढ, इंजिन स्टार्ट कर, बंद पडू दे, वर दोन-तीन सेकंद सेल्फ. दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह सोड. मगच रेलला हात. आणि खाली फडकं, थोडं पेट्रोल सांडतंच. रिंगा चारही बदलायच्या, एक गेली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या. वरचीही आणि खालचीही. वरची गेली तर पेट्रोल बाहेर, खालची गेली तर हवा आत. मापाच्या, वायटॉनच्या, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या. दुकानदार साधी काळी रिंग पुढं करेल, ती नको. इंजिन ऑइलचा थेंब लावून, हलकं फिरवत बसवायची. कोरडी दाबलीस तर कडा कापली जाते, परत ये कट्ट्यावर."

"आणि ही नळी?" नानांनी रेलकडे जाणारी नळी दाखवली. दुमडल्यावर बारीक चिरा उघडल्या.

मिस्त्रीनं वाकून पाहिलं. "बघा, हे मात्र नाना बरोबर." नाना चार इंच उंच झाले. "हिच्याजागी आर9 छापलेली घे. आर7 स्वस्त, पण ती कमी दाबाची. आणि क्लिप पेचाचीच, पण भोकांच्या पट्टीची नको, ती रबर कापते. गुळगुळीत पट्टीची घे."

"बरं, पण रात्री करू," बंड्या घड्याळ बघत म्हणाला. "नऊला स्वारगेटला मेहुण्याला आणायला जायचंय."

"या गाडीनं? ओल्या इंजेक्टरवर?" मिस्त्रीनं चावी काढून खिशात टाकली. "त्याच्या खाली एक्झॉस्ट तापतो. रिक्षानं येऊ दे त्याला. नाहीतर एसटी स्टँडवर चहा पीत बसू दे."

बंड्यानं आवाज शक्य तेवढा दुःखी करून फोन लावला. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण ते दोन मिनिटं चाललं.

नानांनी ग्लास खाली ठेवला. "बंड्या, आता तरी मान. इथेनॉलनं पहिल्यांदाच कुणाचं तरी भलं केलं."

पप्या नाक्यापलीकडून ओरडत होता, "काय झालं? काय म्हणाले नाना?" पण सांगायला कुणाचं हसू थांबेना.