जावईबापू पाटावर

ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय, हे सासऱ्यांना समजावून द्यायला मला दहा मिनिटं लागली. समजल्यावर ते जे हसायला लागले, ते थांबायला त्याहून जास्त लागली.

"म्हंजे खडीच्या रस्त्यावर चालवायची सायकल?"

"हो."

"मग आम्ही जन्मभर काय चालवत हुतो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नीरेजवळच्या आपल्या वस्तीचा रस्ता डांबरी व्हावा म्हणून या माणसाने वर्षानुवर्षं अर्ज दिले. दर निवडणुकीला खडी येऊन पडायची आणि निकाल लागला की तशीच पडून राहायची. शेवटी एकदाचं डांबर पडलं. आणि आता पुण्याहून जावई आला, तो खास कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली सायकल घेऊन. आणि विचारतोय, इकडे बिनडांबराचा रस्ता कुठे शिल्लक आहे का?

माझीही बाजू आहे. मी पुण्यात सायकल चालवतो. पुणे हे सायकलींचं शहर होतं असं आम्ही अजूनही सांगतो; फक्त बसच्या धुरात खोकत सांगतो. अशाच एका संध्याकाळी घरी येऊन, डोळे चोळत मी एक व्हिडिओ पाहिला. अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाहून दरवर्षी एक शर्यत निघते. दोनशे मैल, तीही खडीच्या रस्त्यांवरून. दोन्हीकडे कुरणं, वर आभाळ, मोटार औषधालाही नाही. तिथली खडी चकमकीच्या दगडाची असते, टायर कापून काढते आणि लोक पैसे भरून कापून घेतात. मी पाघळलो. सायकल घेतली. तिची खरी किंमत फक्त दुकानदाराला आणि मला माहीत आहे. बायकोला निम्मी सांगितली. सासुरवाडीत पंधरा हजार सांगितले, तर सासरे म्हणाले, "फसवलं तुम्हाला."

तर रस्ता शिल्लक होता. पाटाचा. नीरा डावा कालवा हे त्याचं कागदावरचं नाव. गावात तो नुसता पाट. 1876-77 च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी तो खोदला, 1885 च्या सुमारास त्यातून पाणी सुटलं आणि बाजरीच्या माळाचा हळूहळू ऊस झाला. पाटाच्या कडेने मुरमाचा रस्ता असतो, पाटकऱ्याने फिरून पाणी बघावं म्हणून. सायकलवाल्यासाठी याहून चांगला रस्ता ब्रह्मदेवालाही आखता येणार नाही, कारण पाण्याला चढ चढता येत नाही. टेकडी आली की पाट वळसा घालतो, ओढा आला की वरून पलीकडे जातो, पण पातळी सोडत नाही. मीही साधारण त्याच तत्त्वावर नोकरी केली आहे.

निघालो. जानेवारीतली सकाळ, रब्बीचं आवर्तन सुटलेलं, पाट तुडुंब. बारामतीपर्यंत जायचं, तिथे मिसळ खायची, असा बेत. बाभळीवर खंड्या, चाकाखाली मुरमाची कुरकुर. पहिली वीस मिनिटं एक गाडी आली नाही. मी चक्क गाणं म्हटलं.

मग मेंढरं आली. दीडशे तरी असतील. त्यांना घाई नव्हती. शहरातल्या कोंडीत निदान कोणीतरी हॉर्न वाजवतं. इथे एक मेंढी माझ्या पुढच्या चाकाशी उभी राहून माझ्याकडे बघत रवंथ करत राहिली. मेंढरांमागचं कुत्रं मात्र कामसू होतं. त्याने मला कळपातच धरलं आणि ओळीत आणायचा प्रयत्न केला. ते संपतंय तोवर मोरीवर बसलेल्या तिघांनी हात केला. "किती गिअर?" "केवढ्याला पडली?" "ह्याला स्टँड का न्हाई?" शेवटचा प्रश्न मलाही पडलेला आहे. एवढे पैसे मोजून सायकलला स्टँड नसतो. ती झाडाला टेकवायची असते, आणि पाटाच्या कडेचं झाड म्हणजे वेडी बाभूळ.

तिथेच घात झाला. मी पाणी प्यायला थांबलो, सायकल बाभळीला टेकवली आणि परत निघतोय तर मागच्या चाकातून फुस्स आवाज आणि पांढरी चिळकांडी. या टायरात ट्यूब नसते. आत चिकासारखं एक औषध असतं. बारीक भोक पडलं की ते तिथे गोठून भोक बुजवतं. दुकानदाराने हे मला खिळा मारून दाखवलं होतं. पण खिळा वेगळा आणि बोटभर लांब काटा टायरच्या बगलेत घुसणं वेगळं. रुईचं पान मोडावं तसा चीक गळायला लागला. उसाला पाणी देणारे एक आजोबा खोऱ्यासकट वर आले. त्यांनी थोडा चीक बोटावर घेतला, वास घेतला.

"दूध भरलंय व्हय ह्यात?"

मी घामाघूम होऊन टायर उतरवला, जवळची एकुलती एक ट्यूब आत घातली, हातपंपाने दोनशे वेळा हवा मारली. दोन मिनिटांत ट्यूबही हवा जाऊन बसली. टायरात आतल्या बाजूने सराटे टोचलेले होते, तसेच. आधी आतून बोट फिरवून बघायचं असतं. ते मी नंतर फिरवलं. सात सराटे निघाले आणि थोडं रक्त. मग ठिगळ शोधायला पिशवी उपडी केली तर हातपंपाची नळी घरंगळली आणि टुपकन पाटात. मी ती धरायला काठावर ओणवा झालो, एवढंच. आजोबांनी वस्तीवरून ट्रॅक्टरचा पंप मागवला, तो माझ्या व्हॉल्व्हला बसेना. माझा व्हॉल्व्ह फ्रेंच, पंप लुधियानाचा. दोघांत दुवा साधणारी पितळेची टोपी मिळते. ती माझ्याकडे आहे. हरवू नये म्हणून पुण्यात टेबलाच्या खणात ठेवली आहे.

"कुणाकडचं पाव्हणं?" आजोबांनी विचारलं. मी सासऱ्यांचं आडनाव सांगितलं. आजोबांचा चेहरा उजळला आणि हात खिशातल्या फोनकडे गेला. "काळजी करू नका. कळवतो."

मी आतापर्यंत ज्याला रहदारी नसलेला रस्ता म्हणत होतो, त्यावरून त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय काय धावलं असेल, ते मला बायकोचा फोन आला तेव्हा कळलं.

"तू पाटात पडलास?"

"नाही गं, पंपाची नळी..." एवढं बोलतोय तोवर फोन बंद पडला. सकाळपासून तो हँडलवर बसून मी किती किलोमीटर आलो हे मोजत होता. नऊ.

म्हणजे तिकडे असं पोचलं की जावई पाटात, नळीबिळीचं काहीतरी म्हणाले आणि बोलता बोलता आवाज गेला.

आजोबांनी मला पाटावरून खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि सोमेश्वरनगरला कारखान्यावर चाललेला उसाचा ट्रॅक्टर हात करून थांबवला. "तिथं पंक्चरवाला हाय, समद्या टायरांचा." मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीवर ऊस दोन पुरुष उंच. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराने माझी सायकल उसावर चढवली आणि मोळी बांधतात तशी वाढ्याने बांधून टाकली. मी मडगार्डवर बसलो. कार्बनचा फोर्क, हायड्रॉलिक ब्रेक, चाळीस मिलिमीटरचे टायर वर उसात निवांत पडले होते आणि ट्रॅक्टरच्या चार स्पीकरांतून लावणी चालली होती.

वेग सायकलपेक्षा कमी होता. बाजूला खणलेली साइडपट्टी, समोरून सारखी वाहनं, त्यामुळे मागून कोणाला पुढे काढता येईना. वळणावर मी मान वळवून पाहिलं तर आमच्यामागे दुधाचा टेम्पो, एसटी, त्यामागे मोटारींची रांग पार निंबुतपर्यंत गेली असावी. सगळे हॉर्न मारत होते. इतकी वर्षं मी जे ट्रॅफिक मागे टाकायला निघालो होतो, ते आज खरोखरच माझ्या मागे होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तेवढ्यात एक पांढरी गाडी साइडपट्टीवरून धूळ उडवत, एसटीला घासत, ट्रॉल्यांच्या बरोबरीने आली. पोराने लावणीचा आवाज कमी केला. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला माणूस धुळीत नीट दिसत नव्हता, पण आवाज माझ्या धाकट्या मेहुण्याचा होता.

"आरं बाजू दे की रं! आमचं दाजी पाटात पडल्यात!"

पोराने ट्रॅक्टर कडेला घेतला. गाडी सुसाट पुढे निघून गेली. मी दोन्ही हात हलवत होतो, ते त्याने बहुधा नमस्कार म्हणून घेतले असावेत. मागून एसटी गेली, टेम्पो गेला, मोटारी एकेक करून गेल्या. लावणी परत मोठी करायच्या आधी पोराने माझ्याकडे पाहिलं.

"पाव्हणं, कोण वो ह्ये दाजी? वळखीचं हायती का?"