खुलासा: १६.५ इंची रिमवर १६ इंची टायर बसवू नका

जुन्या मोटरहोमच्या मालकांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: १६.५ इंची टायर मिळत नसेल तर १६ इंची घ्या, हवा जरा जास्त भरली की बसतो. हे चूक आहे आणि जीवघेणं आहे.

व्यासातला फरक १२.७ मिमीचा. १६.५ रिमची बीड (टायरची आतली, तार घातलेली कड) बसण्याची जागा १५ अंश उतरती असते, १६ ची साधारण ५ अंश. त्या उतारामुळे १६ चा टायर रिमवर चढतो, म्हणूनच फसगत होते. पण बीड जागेवर टेकत नाही. माणूस हवा वाढवत जातो, बीडमधली तार तुटते आणि टायर हातातच फुटतो. साबणपाणी लावूनही हे टळत नाही.

योग्य उपाय म्हणजे सगळी चाकंच १६ इंची करणं, स्टेपनीसकट. नवीन रिम घेताना बोल्टचा घेर, हबचं भोक, ऑफसेट (चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतलं अंतर) आणि रिमवर कोरलेली वजन-दाबाची मर्यादा जुळवा. मागे जोडचाकं असतील तर दोन टायरमधलं अंतरही. ८.७५-१६.५ मापाच्या जुन्या टायरच्या जागी बहुधा एलटी २२५/७५आर१६, लोड रेंज ई (भार पेलण्याचा वर्ग) चालतो: ८० पीएसआय हवेला एक टायर एकेरी असेल तर १२१५ किलो पेलतो, जोडीत असेल तर ११२० किलो. तरी भरलेली गाडी काट्यावर नेऊन प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन करा, मगच ठरवा. व्हॉल्व्ह धातूचाच हवा. साधा रबरी ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो.

नट टॉर्क रेंचनेच आवळा, ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.