‘फक्त चारदाच घातलेत!’

पहिला पाऊस पडला की हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर हे दृश्य ठरलेलं: कुणाच्या तरी बुटाचा तळ मगरीसारखा जबडा वासून लोंबतोय आणि मालक म्हणतोय, ‘अहो, फक्त चारदाच घातलेत!’ अरे बाबा, तेच तर दुखणं आहे.

बऱ्याच जाड ट्रेकिंग बुटांत खालचं रबर आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेन या फेसासारख्या मऊ प्लास्टिकचा थर असतो. हवेतला दमटपणा तो आतून पोखरतो. काही वर्षांत त्याचा भुगा होतो, बूट घातले नाहीत तरी. ओलसर बूट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकले तर आणखी लवकर!

निघायच्या आठवडाभर आधी (आदल्या रात्री नव्हे) 2 मिनिटं काढा ना. टाचेजवळ त्या मधल्या थरात अंगठ्याचं नख रोवा. बारीक भेगा दिसल्या, चुरा किंवा चिकटपणा हाताला लागला, तर बूट संपले. शाबूत वाटले तर चवड्यापाशी वाकवून फट बघा, मग पाठीवर सॅक घेऊन 5-6 किमी गावातच चाला.

आणि सुटलेला तळ चिकटवायचा तो झटपट गोंद! भुग्याला चिकटणार कशाला? शिवाय वाळून कडक होतो, पाऊल वाकलं की कडकन सुटतो. त्यापेक्षा सॅकमध्ये 4-5 लांब केबल टाय (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) आणि 2 मीटर नायलॉनची दोरी ठेवा. वाटेत तळ सुटला तर तो बुटाला गुंडाळून घट्ट बांधा; गाठ वर, लेसच्या बाजूला. दुसरा बूटही त्याच वयाचा आहे, तोही आधीच बांधा.